लेकीची धडधड आणि लग्नानंतरवर ढकललेली तपासणी

प्रश्न
(पत्र थोडक्यात दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

माझी मुलगी २६ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. अकरावी-बारावीपासून तिला मधूनच धडधडीचा त्रास होतो. बसल्या बसल्या एकदम सुरू होतं, मानेत ठोके उडतात, आणि दहा-वीस मिनिटांनी जसं आलं तसं एकदम थांबतं. वर्षातून तीन-चार वेळा होतं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, मग एको झाला, चोवीस तासांचं मशीनही लावून झालं. सगळं नॉर्मल आलं. टेन्शन घेऊ नकोस, प्राणायाम कर, असं सांगितलं. गेल्या महिन्यात ऑफिसात धडधड तासभर थांबेना, म्हणून मैत्रिणींनी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे मिनिटाला १९०च्या वर ठोके निघाले. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर ते थांबले. हृदयरोगतज्ज्ञांनी कागदावर 'पीएसव्हीटी' (एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी जलद धडधड) लिहिलं आणि ईपी स्टडी, म्हणजे हृदयातल्या विजेची तपासणी, करायला सांगितली. दोष सापडला तर त्याच वेळी तो जाळून टाकू, असंही म्हणाले. मुलगी म्हणते, करून टाकू.

पण तिचं लग्न ठरलं आहे. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त आहे. मुलाकडे यातलं काहीच माहीत नाही. माणसं चांगली आहेत, पण हृदयात वायरी घातल्याचं कळलं तर मुलाची आई काय म्हणेल, याची धास्ती वाटते. त्यांचा स्वभाव चौकशीचा आहे. नातेवाइकांतही बोलबाला होईल. माझ्या जाऊबाई म्हणतात, एकदा हृदयाला हात लावला की जन्माचं दुखणं मागे लागतं. तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा अँजिओग्राफी करू, त्यात काय ते दिसेलच. आत्ता गोळ्यांवर वेळ निभावून लग्न पार पाडावं आणि पुढचं नंतर बघावं, असं मला वाटतं. माझं चुकतंय का?

उत्तर

ताई,

तपासणी लग्नाआधी व्हावी आणि त्याआधी मुलाला सगळं माहीत असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नुसत्या माझ्या मताने तुमच्या पोटातला गोळा जाणार नाही, हेही कळतं. परिचारिका म्हणून माझी बहुतेक नोकरी कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून वायरी नेऊन हृदयाची तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीत झाली. तुमच्या पत्रातले प्रश्न त्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांनी मला कितीतरी वेळा विचारले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या 'सगळं नॉर्मल' बद्दल. साध्या ईसीजीत हृदयाची जेमतेम दहा सेकंदं कागदावर उतरतात. एकोमध्ये हृदयाची घडण दिसते: कप्पे केवढे आहेत, झडपा नीट उघडतात-मिटतात का, स्नायूंत जोर किती आहे. चोवीस तासांचं होल्टर मशीन त्या चोवीस तासांपुरतंच साक्ष देतं. जो त्रास वर्षातून तीन-चारदा होतो आणि वीस मिनिटांत निघून जातो, तो नेमका मशीन लावलेल्या दिवशी कसा सापडणार? तिचे रिपोर्ट खोटे नव्हते. धडधड नसते तेव्हा तिचं हृदय धडधाकट असतं, एवढं ते सांगत होते. ती चांगलीच बातमी आहे. पण धडधड चालू असताना आत काय होतं, याबद्दल ते काहीच सांगू शकत नव्हते. ते सांगणारा पहिला कागद गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणींमुळे हाती आला.

टेन्शनबद्दल थोडं कळकळीने बोलते, कारण हे पत्र वाचणाऱ्या आणखी कितीतरी मुलींच्या वाट्याला तेच उत्तर आलेलं असेल. १९९७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा धडधडीचं निदान नंतर पक्कं झालेल्या १०७ रुग्णांचा पूर्वेतिहास त्यात तपासला होता. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. आणि ज्यांचा ओळखला गेला नाही, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना त्रासाचं कारण म्हणून घबराट, चिंता किंवा ताण सांगितला गेला होता. बायकांना असं सांगितलं जाण्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होतं. तुमच्या लेकीने दहा वर्षं हे ऐकून घेतलं. ती घाबरट आहे असं घरात कुणी म्हणालं असेल, तर आता एकदा तिला जवळ घेऊन सांगा की तिचा त्रास खरा होता.

काळजीने होणारी धडधड सहसा हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते. तुम्ही वर्णन केलेली धडधड एका क्षणात सुरू होते आणि एका क्षणात थांबते. मानेत ठोके उडणं हीसुद्धा मोठी खूण आहे. या प्रकारात हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे बऱ्याचदा एकाच वेळी आकुंचन पावतात. मधल्या झडपा मिटलेल्या असतात, त्यामुळे वरच्या कप्प्यांतलं रक्त उलटं मानेच्या शिरांवर धडकतं. लेकीला आणखी एक विचारा: धडधड थांबल्यावर भरपूर लघवी होते का? पुष्कळ जणींना होते, पण कुणी विचारत नाही आणि संकोचाने त्याही सांगत नाहीत.

आता तिच्या बाबांच्या अँजिओग्राफीकडे वळते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत कुठे अडथळा आहे का, ते अँजिओग्राफीत दिसतं. तुमच्या लेकीचा प्रश्न धमन्यांचा नाही, हृदयातून वाहणाऱ्या विजेचा आहे. डॉक्टरमंडळी पेशंटला सांगतात तेच मी सांगते: घरात दिवा मिणमिणत असेल तर प्लंबरला बोलावून उपयोग नाही, इलेक्ट्रिशियन लागतो. हृदयाच्या या इलेक्ट्रिशियनला इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात, बोलीभाषेत ईपी डॉक्टर. कार्डिऑलॉजीचं शिक्षण झाल्यावर ते हृदयाच्या लयीचं वेगळं प्रशिक्षण घेतात. छातीत दुखत नसलेल्या २६ वर्षांच्या मुलीची अँजिओग्राफी करून या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. पैसे जातील, एक सुई जास्तीची टोचेल आणि रिपोर्ट पुन्हा 'नॉर्मल' येईल. मग घरातले सगळे निर्धास्त होतील, ती सोडून.

ईपी स्टडीत प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. हृदयाला हात लावण्याची भीती मला वाटतं तिथूनच आली आहे. छाती उघडत नाहीत. टाकेही घालत नाहीत. उपाशीपोटी कॅथलॅबमध्ये नेतात. खोली गार असते आणि टेबल अरुंद. पाठीला-छातीला बरेच चिकट पॅच लावतात, तेही गारच असतात. जांघेत फक्त तेवढी जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. त्याची दोन-चार सेकंदं आग होते, आणि बहुतेक मुली नंतर म्हणतात की सगळ्यात जास्त दुखलं ते तेवढंच. मग तिथल्या शिरेतून साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या तीन-चार मऊ वायरी हृदयापर्यंत सरकवतात. एक वायर उजव्या वरच्या कप्प्यात जाते, एक खालच्या कप्प्यात, एक वरून खाली वीज उतरते त्या हिस बंडलपाशी, आणि एक हृदयाच्या मागच्या बाजूच्या शिरेत. त्या आत फिरतात तेव्हा जाणवतही नाही. पूर्ण भूल शक्यतो टाळतात, कारण गाढ झोपेत कधी कधी ही धडधडही झोपून जाते आणि मग ती पकडता येत नाही. गुंगीचं थोडं औषध देतात.

पडद्यावर विजेचा प्रवास दिसू लागतो. वरच्या कप्प्यातून निघालेली वीज हिस बंडलपाशी कधी पोहोचली, तिथून खाली कधी उतरली, हे मिलिसेकंदांत मोजतात. हिसपासून खालच्या कप्प्यांपर्यंत उतरायला निरोगी हृदयात साधारण ३५ ते ५५ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर मुख्य भाग येतो. वायरीतून हलके विद्युत ठोके देऊन डॉक्टर हृदयाला ठरावीक लयीत चालवतात आणि मध्येच एक जादाचा ठोका जरा लवकर देतात. पुढच्या खेपेला आणखी थोडा लवकर, मग आणखी. कधी लय चाळवण्यासाठी सलाइनमधून औषधही देतात. 'आता थोडी धडधड होईल हं,' असं सांगतात, आणि एखाद्या ठोक्यावर तीच, दहा वर्षं छळणारी धडधड सुरू होते.

त्या वेळी पेशंटच्या उशाशी उभं राहण्याचं काम माझं असे. बहुतेकींचे शब्द तेच असत: 'हेच! हेच होतं मला!' भीतीपेक्षा सुटकेचा सूर त्यात जास्त असे. इतकी वर्षं जे कुणाला दाखवता आलं नाही, ते खोलीतले सगळे पडद्यावर बघत असत. गरज पडली की डॉक्टर त्याच वायरींतून ठोके देऊन काही सेकंदांत धडधड थांबवतात. घरी किंवा ऑफिसात जे बेसावध होतं, ते इथे सगळी तयारी असताना होतं.

तुमच्या लेकीच्या वयात आणि अशा लक्षणांत बहुधा दोनांपैकी एक गोष्ट निघते. एक म्हणजे, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या जंक्शनपाशी, म्हणजे एव्ही नोडपाशी, विजेला एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. वीज एका वाटेने उतरून दुसरीने परत वर चढते आणि गरगर फिरत राहते. दुसरी म्हणजे, वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी विजेची एक जादाची तार जन्मतःच राहून गेलेली असते. दोन्ही गोष्टी घडणीतल्या आहेत. कुणाच्या वागण्यामुळे, खाण्यामुळे किंवा गरोदरपणातल्या एखाद्या चुकीमुळे त्या होत नाहीत. तुमच्या मनात तसं काही असेल तर ते काढून टाका. वाट सापडली की वायरीच्या टोकाने तो काही मिलिमीटरचा ठिपका साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून निकामी करतात. नोडच्या फारच जवळ काम असेल तर काही ठिकाणी तापवण्याऐवजी गोठवतात. हेच अ‍ॅब्लेशन. आत स्टेंट राहत नाही, मशीन राहत नाही, काहीच राहत नाही. चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जायचं, आठवडाभर जड काही उचलायचं नाही. जांघेत सुईएवढी खूण राहते आणि आसपास हिरवंनिळं होतं, तेही ओसरतं.

हे काही कालपरवाचं नवं खूळ नाही. वायरीतून ठोके देऊन धडधड मुद्दाम सुरू करणं आणि थांबवणं १९६७ साली ॲमस्टरडॅममध्ये डुरर यांनी आणि पॅरिसमध्ये कुमेल यांनी स्वतंत्रपणे करून दाखवलं. शिरेतून वायर नेऊन हिस बंडलचा विद्युतसंकेत पकडण्याची पद्धत अमेरिकेत शेरलॅग यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. त्या काळी जादाची तार तोडायची तर छाती उघडावी लागे. १९६८ साली ड्यूक विद्यापीठात तशी शस्त्रक्रिया झाली होती. १९८०च्या दशकात वायरीतूनच उपचार सुरू झाले, आणि १९९०च्या सुमारास आजची तापवण्याची पद्धत रुळली. जाऊबाईंच्या बोलण्यात त्या जुन्या, छाती उघडण्याच्या काळाची भीती असावी. त्यांना दोष देऊ नका. आपल्याकडे 'हृदयाचं ऑपरेशन' म्हटलं की अजूनही तेवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं.

आता धोक्यांचं. ते न सांगणं बरोबर होणार नाही. जांघेत रक्त साकळणं किंवा गाठ येणं हे त्यातल्या त्यात नेहमीचं. हृदयाच्या भिंतीला इजा होऊन भोवती रक्त साठणं फार विरळा, पण घडू शकतं. म्हणून हे काम अनुभवी हातांत आणि सर्व सोयी असलेल्या ठिकाणीच व्हावं. दोन वाटांचा प्रकार असेल तर संथ वाट निकामी करताना मुख्य वाटेला धक्का लागून पेसमेकर लागण्याची शक्यता असते. अनुभवी केंद्रांत ती शंभरात एकापेक्षा कमी आहे. उलट बाजूने, याच प्रकारात शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांना अ‍ॅब्लेशनचा गुण येतो. थोड्या जणांना त्रास पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्यांदा जावं लागतं. आणखी एक शक्यता सांगून ठेवते: क्वचित टेबलावर काही केल्या धडधड सुरूच होत नाही. तसं झालं तर 'आजारच नाही' असा अर्थ काढू नका. तो कागदावर पकडलेला ईसीजी खराच राहतो.

मग गोळ्यांवर भागवायचं नाही का? भागवता येतं. दोन वाटांचा प्रकार बहुधा जिवावर बेतणारा नसतो. वर्षातून एखाद्या वेळीच थोडा त्रास होत असेल, तर काहीही न करता राहणं हाही समंजस निर्णय ठरतो, आणि बरेच लोक तो घेतात. मेटोप्रोलॉल, व्हेरापॅमिल यांसारख्या गोळ्यांनी धडधडीच्या खेपा कमी होतात. पण त्या वाट बंद करत नाहीत, रोज घ्याव्या लागतात, आणि काहींना त्यांनी गळून गेल्यासारखं होतं. तुमच्या लेकीची धडधड आता तासभर टिकली आणि इंजेक्शनशिवाय थांबली नाही, म्हणजे तिचा त्रास वाढतो आहे. तेव्हा गोळ्या की तपासणी, ही निवड मी तिच्या त्रासाकडे बघून करेन. लग्नपत्रिकेतली तारीख त्यात आणू नका.

एक गोष्ट मात्र ताबडतोब विचारून घ्या: धडधड नसतानाच्या ईसीजीत डेल्टा वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या उंच रेघेच्या सुरुवातीला तिरका चढ, आहे का? असेल तर ती जादाची तार उघडपणे चालू आहे, असा त्याचा अर्थ. तिला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट म्हणतात. १९३० साली या तिघा डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं होतं. अशा तारेवरून वीज बेलगाम वेगाने खाली उतरू शकते. हा धोका फार थोड्यांना असला, तरी जिवावरचा असतो. तिथे ईपी स्टडी पुढे ढकलणं मला पटणार नाही. धडधडीत कधी शुद्ध हरपली असेल, किंवा जवळच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना आपण होऊन सांगा. हे इतर वाचकांसाठीही आहे.

लग्नानंतर बघू, असं म्हणताना पुढे काय येतं याचाही विचार करा. लग्न झालं की वर्षा-दोन वर्षांत बाळाचा विषय निघतो. अशी धडधड असलेल्या काही जणींना गरोदरपणात ती जास्त वेळा होते. तेव्हा औषधांची निवड मोजकी उरते, आणि क्ष-किरणांमुळे कॅथलॅब शक्यतो टाळावी लागते. म्हणूनच पुढे मूल हवं असलेल्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांना अ‍ॅब्लेशन आधी करून घ्या, असं तज्ज्ञ सुचवतात. तुम्ही जो काळ सोयीचा समजता आहात, त्यात नेमकी ही अडचण उभी राहील. आत्ता तुमच्या हातात काही महिने आहेत. मात्र हळदीच्या आदल्या आठवड्यात करू नका. मुहूर्ताच्या निदान महिना-दीड महिना आधी झालं तर ती निवांतपणे सावरेल.

आता मुलाकडच्यांचं. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्या आईला काय वाटेल यावर तुम्ही बऱ्याच ओळी लिहिल्या आहेत. जाऊबाईंचं मत आहे, बाबांचं आहे, नातेवाइकांच्या बोलण्याची धास्ती आहे. लेकीच्या वाट्याला मात्र दोनच शब्द आले आहेत: 'करून टाकू.' ताई, ती २६ वर्षांची आहे. संमतीपत्रावर सही तिची लागेल. तिने निर्णय सांगितलेला आहे, आणि तो विचार न करता सांगितला असेल असं मला वाटत नाही. दहा वर्षं ती या धडधडीबरोबर राहिली आहे.

सांगितल्यावर लग्न मोडणार नाही, अशी खात्री मी तुम्हाला देऊ शकत नाही. ती खोटी ठरेल. पण न सांगता झालेल्या लग्नात काय होऊ शकतं, ते डोळ्यांसमोर आणा. रात्री दोन वाजता सासरच्या घरी तिला धडधड सुरू झाली. तिला काय होतंय हे नवऱ्याला माहीत नाही, आणि तिला सांगता येत नाही, कारण सांगू नकोस असं आईने बजावलंय. गोळ्या उशीखाली लपवलेल्या. तेव्हा चौकशीच्या स्वभावाच्या सासूबाईंना आजार कळेलच, शिवाय लपवल्याचंही कळेल. दुसऱ्या गोष्टीचा राग पहिलीपेक्षा कितीतरी जास्त येतो.

सांगायचं कुणी? मला वाटतं, लेकीने मुलाला, समोर बसून, तुमच्या-त्यांच्या बैठकीआधी. सांगायला फार मोठं काही नाही: 'मला अधूनमधून धडधड होते, हृदयाच्या वायरिंगमधला हा जन्मजात दोष आहे, डॉक्टरांनी तपासणी सांगितली आहे, त्यातच बहुधा तो कायमचा बरा होईल, आणि मी ती करून घेणार आहे.' शक्य असेल तर त्याला डॉक्टरांच्या भेटीलाही घेऊन जावं. शंका थेट विचारता आल्या की घरी जाऊन तो आईला नीट समजावू शकतो. मग तुम्ही मोठ्यांनी त्यांच्याशी बोला. आवाज खाली करून, काही गुन्हा कबूल केल्यासारखं बोलू नका. ज्या सुरात सांगाल त्या सुरात ते ऐकलं जाईल. आणि एवढं ऐकून कुणी पाठ फिरवलीच, तर दुःख होईल हे खरं, पण ते लग्नाआधी कळलेलं असेल.

तयारीबद्दल थोडं. डॉक्टरांना विचारा की अशा केसेस ते नियमित करतात का, तपासणी आणि अ‍ॅब्लेशन एकाच बैठकीत होणार का, आणि वाट मुख्य नोडच्या फार जवळ निघाली तर ते थांबून तिला विचारतील का. हे तिसरं संमतीपत्रावर सही करण्याआधीच बोलून ठेवा. धडधडीच्या गोळ्या तपासणीआधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात, नाहीतर धडधड पकडता येत नाही. पण त्या बंद कधी करायच्या ते डॉक्टरच सांगतील, मनाने करू नका. गरोदर असण्याची शक्यता असेल तर सांगायला हवंच. परपुरुषांसमोर कपडे काढावे लागतील याचा पुष्कळ मुलींना संकोच वाटतो आणि त्या बोलत नाहीत. जांघेची तयारी परिचारिका करते, बाकी अंग झाकलेलं असतं, आणि लॅबमध्ये स्त्री कर्मचारी असावी असं आधी सांगितलं तर सोय करतात.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या: नुसती तपासणी किती, अ‍ॅब्लेशनसह किती, त्रिमितीय मॅपिंग (हृदयातल्या विजेचा संगणकावरचा नकाशा) लागलं तर किती. विमा असेल तर पूर्वपरवानगी काढा, आणि फॉर्मवर त्रास कधीपासून आहे ते खरं लिहा. ज्यांना हा खर्च पेलणारा नाही त्या वाचकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठून हे उपचार आपल्याला लागू होतात का ते विचारावं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुंबईत केईएमसारख्या पालिका रुग्णालयाच्या हृदयरोग विभागातही चौकशी करता येते.

तपासणी होईपर्यंत पुन्हा धडधड झाली तर काय करायचं, हे लेकीला आणि तिच्या रूममेटला दोघींना शिकवून ठेवा. अर्धवट रेलून बसायचं. दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद इतक्या जोराने फुंकायचं की आतला दट्ट्या जेमतेम हलेल. लगेच आडवं व्हायचं, आणि दुसऱ्या माणसाने दोन्ही पाय पंधरा सेकंद वर उचलून धरायचे. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने शंभरातल्या ४३ जणांची धडधड थांबली. पाय न उचलता नुसतं फुंकल्यावर १७ जणांची. पहिल्यांदा करण्याआधी तिच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मानेवर किंवा डोळ्यांवर दाबण्याचे जे उपाय कुणी सांगतात, ते करू नका. गाडीवर असेल तर आधी गाडी बाजूला घ्यायची. चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं, किंवा अर्ध्या तासात न थांबणं, यातलं काहीही झालं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि तिथे गेल्यावर म्हणायचं: 'इंजेक्शनच्या आधी पूर्ण ईसीजी काढा, आणि इंजेक्शन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा.' धडधड कशी थांबली ते त्या पट्टीवर दिसतं, आणि ईपी डॉक्टरांचं अर्धं काम त्याने सोपं होतं.

गेल्या महिन्याचा तिचा जो ईसीजी आहे, तो सांभाळा. थर्मल कागदावरची शाई उन्हाने आणि प्लास्टिकच्या पाकिटात राहून फिकी पडते. काही महिन्यांत कोरा झालेला कागद घेऊन आलेले पेशंट मी बघितले आहेत. आजच त्याच्या दोन झेरॉक्स काढा, तिच्या आणि तुमच्या फोनमध्ये फोटो ठेवा, आणि मागे तारीख, वेळ आणि धडधड किती वेळ चालली ते पेनाने लिहून ठेवा.